जवारी कुठे काढायची?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या सरांना मिरजेतली निम्मी माणसं पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक म्हणून ओळखत आणि निम्मी संध्याकाळी रेडिओ दुरुस्त करून देणारे म्हणून. मी त्यांच्याकडे गेलो तो घरचा बंद पडलेला रेडिओ सायकलच्या कॅरिअरला बांधून. शाळेत होतो. सरांनी मागचा पुठ्ठा काढला, आत वाकून पाहिलं आणि मला पहिली गोष्ट सांगितली ती ही, की डावा हात पाठीमागे घे. सेट बंद असला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्ट साठून राहिलेले असू शकतात. दोन्ही हात आत असले तर धक्का एका हातातून शिरतो आणि छातीतून दुसऱ्या हाताने बाहेर पडतो. मग त्यांनी एक व्हॉल्व्ह अलगद हलवत सॉकेटमधून काढला, दुसरा बसवला आणि बटण फिरवलं. काहीच झालं नाही. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो, ते घड्याळाकडे पाहत होते. विसेक सेकंदांनी काचेच्या आत नारिंगी उजेड दिसू लागला, डायलशेजारचा हिरवा डोळा उघडला, खालच्या पट्टीतली बारीक घरघर आली आणि तिच्यातून सांगली केंद्रावरचं गाणं वर आलं.

त्या विसेक सेकंदांचं ऋण माझ्यावर आहे. त्यानंतरचा माझा सगळा जन्म आवाज मोठा करणारे अँप दुरुस्त करण्यात आणि बांधण्यात गेला. व्हॉल्व्हचेही बांधले, ट्रान्झिस्टरचेही बांधले. आज माझ्याकडे तरुण मुलं येतात, चांगली नोकरी करणारी, गाण्याचा मनापासून नाद असलेली. त्यांचा एकच प्रश्न असतो: व्हॉल्व्हचा घेऊ की ट्रान्झिस्टरचा? कुणी त्यांना सांगितलेलं असतं की व्हॉल्व्हमध्ये आवाजाला ऊब असते, ट्रान्झिस्टर कोरडा. दुसऱ्या कुणी सांगितलेलं असतं की व्हॉल्व्ह हा निव्वळ जुन्याचा सोस आहे. दोन्ही सांगणारे ठाम असतात आणि मधल्यामध्ये त्या मुलाचे लाखभर रुपये पणाला लागलेले असतात. या प्रश्नाचं उत्तर देता येतं, असं मला वाटतं. ते देण्यासाठी मात्र अँपच्या आतही जावं लागतं आणि तंबोऱ्याच्या घोडीपाशीही.

आधी अँपच्या आत जाऊ.

व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची नळी. मधोमध कॅथोड, तो तापला की त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. बाहेरच्या बाजूला प्लेट, तिच्यावर अडीचशे-तीनशे व्होल्ट. ती इलेक्ट्रॉनांना ओढून घेते. या दोघांच्या मध्ये बारीक तारेची जाळी, तिला ग्रिड म्हणतात. ग्रिडवरचा दाब किंचित कमी-जास्त झाला की प्लेटकडे जाणारा प्रवाह मोठ्या प्रमाणात कमी-जास्त होतो. पाटाला पाणी धो धो असतं, दार वर-खाली करायला मात्र एका माणसाचा हात पुरतो, तसंच हे. गाण्याचा अशक्त विद्युतसंदेश दार हलवतो आणि वीजपुरवठ्यातलं बळ स्पीकरकडे धावतं. फ्लेमिंग यांनी १९०४ साली दोन टोकांचा व्हॉल्व्ह केला, ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ साली त्यात ग्रिड घातली आणि ध्वनिवर्धनाचं युग सुरू झालं.

या यंत्राला एक अडचण जन्मजात आहे. त्याचा दाब मोठा, प्रवाह लहान. स्पीकरला नेमकं उलटं हवं असतं. ईएल ८४ जातीच्या दोन व्हॉल्व्हच्या जोडीला साधारण ८००० ओहमचा भार हवा असतो आणि स्पीकर असतो ८ ओहमचा. हे लग्न जुळवायला मध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर लागतो, ज्याचे एकीकडचे वेढे दुसरीकडच्या सुमारे बत्तीस पट असतात. जुना अँप उचलताना कंबरेला जो भार जाणवतो तो बराचसा या लोखंडाचा आणि तांब्याचा. चांगला ट्रान्सफॉर्मर वेढणं ही वेगळीच कला. वेढे थर पाडून, एकात एक गुंफून बसवावे लागतात, नाहीतर वरचे स्वर मरतात. लोखंड कमी पडलं तर खर्ज ढिला पडतो.

दुसरी अडचण विकृतीची. इथे विकृती हा शब्द मी शिवी म्हणून वापरत नाही. आत एक स्वर दिला आणि बाहेर त्याच्याबरोबर न दिलेले स्वर आले, तर त्या जादा स्वरांना आम्ही विकृती म्हणतो. टेलिफोनच्या लांब पल्ल्याच्या तारांवर जागोजागी अँप लावावे लागत आणि प्रत्येक अँप आपली थोडी थोडी विकृती त्यात घालत जाई. बेल कंपनीत काम करणारे हॅरॉल्ड ब्लॅक वर्षानुवर्षं याच विवंचनेत होते. २ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी कामावर जाताना, हडसन नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटीत त्यांना युक्ती सुचली आणि हातातल्या न्यू यॉर्क टाइम्सच्या पानावर त्यांनी ती उतरवून काढली. युक्ती अशी: बाहेर पडणाऱ्या आवाजाचा एक अंश परत आत आणायचा, मूळ संदेशाशी ताडून पाहायचा आणि जो फरक दिसेल तो उलटा करून भरून काढायचा. याला निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. यात वर्धनशक्ती बरीच खर्ची पडते, पण आवाज शुद्ध होतो. गाणारा माणूस हेच करतो. स्वतःचा लागलेला स्वर तो तंबोऱ्याशी ताडून ऐकतो आणि सूर उतरला असेल तर तिथल्या तिथे वर घेतो.

या युक्तीने घरगुती अँपचा चेहरामोहरा बदलला. एप्रिल १९४७ च्या 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात डी. टी. एन. विल्यमसन यांनी केटी ६६ व्हॉल्व्हच्या जोडीवर एक अँप मांडला. शक्ती १५ वॅट, विकृती एक टक्क्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा कमी. जगभरच्या हौशी लोकांनी तो घरी बांधला. सांगायचा मुद्दा असा, की उत्तम व्हॉल्व्ह अँप १९४७ सालीच इतका स्वच्छ झाला होता. व्हॉल्व्ह म्हटलं की विकृती आलीच, हा समज तेव्हापासूनच खरा राहिलेला नाही.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात, अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत बार्डीन आणि ब्रॅटन यांनी जर्मेनियमच्या तुकड्यावर पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला. शॉक्ली यांच्यासह त्या दोघांना १९५६ चं नोबेल मिळालं. ट्रान्झिस्टरला तापवावं लागत नाही, शेकडो व्होल्ट लागत नाहीत आणि तो प्रवाह भरपूर देतो, त्यामुळे स्पीकरला ट्रान्सफॉर्मरशिवाय थेट जोडता येतो. एवढ्या सोयी असताना पहिल्या ट्रान्झिस्टर अँपना कान टवकारून ऐकणाऱ्यांनी नावं का ठेवली? कारण त्या तक्रारीत तथ्य होतं. हे आज ट्रान्झिस्टरच्या बाजूने बोलणारे विसरतात, म्हणून मी त्यावर थोडा थांबतो.

स्पीकरचा पडदा पुढे-मागे हलतो. बहुतेक अँपमध्ये पुढे ढकलायचं काम एक ट्रान्झिस्टर करतो, मागे ओढायचं काम दुसरा. सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर सुमारे ०.६ व्होल्ट मिळाल्याशिवाय जागाच होत नाही. दोघांनाही आधीपासून थोडं जागं ठेवलं नाही, तर एकाने काम सोडलं आणि दुसऱ्याने अजून हातात घेतलं नाही, असा एक क्षण येतो. तबल्याच्या साथीत हात बदलताना मात्रा गळावी तसा. याला क्रॉसओव्हर विकृती म्हणतात. तिचा दुष्टपणा असा, की आवाज मोठा असताना ती झाकून जाते आणि आवाज लहान होत जाईल तशी तिची टक्केवारी वाढते. पूर्ण शक्तीवर मोजमाप करून छापलेला आकडा उत्तम दिसे आणि घरी रात्री हलक्या आवाजात आलाप लावला की तो खरखरीत, कोरडा वाटे. ज्यांनी तेव्हा कानावर भरवसा ठेवला त्यांचं बरोबर होतं. मोजणारे नको त्या ठिकाणी मोजत होते.

उपाय सापडला, तोही फार उशीर न लागता. दोन्ही ट्रान्झिस्टरांतून शांततेतही थोडा प्रवाह वाहता ठेवायचा. त्याला बायस म्हणतात. ट्रान्झिस्टर तापला की हा प्रवाह आपोआप वाढतो, म्हणून त्याची उष्णता वाहून नेणाऱ्या हीटसिंकवरच तापमानावर नजर ठेवणारा भाग बसवायचा. जॉन लिन्सली हूड यांनी १९६९ साली 'वायरलेस वर्ल्ड'मध्येच, दोन्ही ट्रान्झिस्टर कधीच झोपू न देणारा दहा वॅटचा क्लास ए अँप दिला. इंग्लंडच्या क्वाड कंपनीने १९६७ मध्ये ३०३ आणि १९७५ मध्ये ४०५ हे ट्रान्झिस्टरचे अँप काढले. त्याच कंपनीचा १९५३ सालचा क्वाड २ हा व्हॉल्व्हचा अँप जगात नावाजलेला होता. मग १९७८ साली क्वाडच्या या तीन अँपची पडद्याआड परीक्षा झाली. जेम्स मॉयर यांनी ती घडवली आणि तिचा वृत्तांत 'वायरलेस वर्ल्ड'मध्ये आला. अनुभवी कानांच्या मंडळींना कोणता अँप वाजतो आहे हे भरवशाने ओळखता आलं नाही.

अशीच परीक्षा सरांनी माझी घेतली होती. तेव्हा मी कॉलेजात होतो आणि व्हॉल्व्हचा कट्टर भक्त होतो. सरांच्या माडीवर ईएल ८४ चा एक अँप होता आणि त्यांनी स्वतः बांधलेला, टू एन ३०५५ जातीच्या ट्रान्झिस्टरांचा एक. हे ट्रान्झिस्टर तेव्हा बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये तयार होत. सरांनी दारात चादर बांधली, दोन्ही अँप पलीकडे ठेवले, स्पीकर माझ्या बाजूला. व्होल्टमीटर लावून दोघांचा आवाज सारखा केला आणि किराणा घराण्याची एक तबकडी लावली. वीस वेळा विचारलं, कोणता? मी वीसपैकी अकरा वेळा बरोबर निघालो. नाणं उडवलं असतं तरी साधारण तेवढेच निघाले असते.

सर तेवढ्यावर थांबले असते तर मी हिरमुसून घरी गेलो असतो. ते म्हणाले, आता पुन्हा बैस. या वेळी त्यांनी न सांगता एका अँपचा आवाज अगदी केसभर वाढवला. मी आवाज मोठा झाला असं एकदाही म्हटलं नाही. मी म्हटलं, हा जास्त मोकळा आहे, यात श्वास ऐकू येतो. आणि दरवेळी वाढवलेल्यालाच व्हॉल्व्ह म्हटलं. एक डेसिबलपेक्षा कमी फरक कानाला मोठेपणा म्हणून कळत नाही, तो गुण म्हणून कळतो. दुकानात शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन अँपची तुलना म्हणूनच फसवते.

तिसऱ्या खेपेला त्यांनी ट्रान्झिस्टरच्या अँपचा बायस स्क्रूड्रायव्हरने खाली आणला आणि आवाज हलका ठेवला. आलापाची पहिली ओळ संपायच्या आत मी ओळखलं. दरवेळी. चौथ्या खेपेला व्हॉल्व्हच्या अँपमधली फीडबॅकची तार सोडवली. तेही मी दरवेळी ओळखलं. खर्ज गुबगुबीत झाला होता आणि आवाज जवळ आल्यासारखा वाटत होता. मग सर चादर सोडता सोडता म्हणाले, तुझा कान उत्तम आहे. तो जे ऐकतो ते खरं आहे. फक्त तो व्हॉल्व्ह ऐकत नाही आणि ट्रान्झिस्टरही ऐकत नाही. तो बायस ऐकतो, फीडबॅक ऐकतो, आवाजाची पातळी ऐकतो.

आज मी जे काही सांगतो आहे ते त्या माडीवरचंच आहे.

आता तंबोऱ्याकडे येऊ. मिरजेत राहून तंबोऱ्याची गोष्ट परक्यासारखी सांगता येत नाही. इथल्या तंबोऱ्यांवर देशभरचे गवई गातात. कारागिराला जवारी काढताना आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा तो कानशीने अगदी किंचित गोलसर करतो. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये दोऱ्याचा एक धागा सरकवतो. धागा थोडा मागे, तार मुकी. थोडा पुढे, तार किरकिरते. मधली एक जागा अशी येते की तार घोडीला हलकेच शिवत, सुटत, पुन्हा शिवत राहते आणि एकदम झंकार उघडतो. तारेच्या मूळ स्वराबरोबर वरचे स्वर उभे राहतात: दुप्पट कंपनांचा तार षड्ज, तिप्पट कंपनांचा त्यावरचा पंचम, पाचपट कंपनांचा गंधार. कुणीही न छेडलेला तो स्वयंभू गंधार खर्जाच्या तारेतून ऐकू येतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली याच घोडीवर संशोधनपर लेख लिहिला आणि दाखवलं की तार ज्या जागी छेडली असता काही स्वर उमटूच नयेत, तेही या घोडीमुळे उमटतात.

भौतिकशास्त्राच्या हिशेबाने जवारी म्हणजे मुद्दाम, जाणून, मोजून आणलेली विकृती. आणि तिच्याशिवाय आपलं गाणं उभं राहत नाही.

व्हॉल्व्हची ऊब ती हीच. फीडबॅक नसलेला, एकाच ट्रायोडवर, म्हणजे तीन टोकांच्या व्हॉल्व्हवर, चालणारा अँप, जसा १९३८ साली आलेल्या ३०० बी व्हॉल्व्हचा, जेमतेम आठ वॅट देतो आणि आपल्या बाजूने मुख्यतः दुप्पट कंपनांचा स्वर मिसळतो. म्हणजे तार षड्जाची बारीक साथ. ती कानाला बोचत नाही, उलट स्वर भरल्यासारखा वाटतो. क्रॉसओव्हर विकृती मात्र सातपट, नऊपट अशा वरच्या विषम पायऱ्यांवर स्वर उभे करते. सातपट कंपनांचा स्वर कोमल निषादाच्याही खाली पडतो. आपल्या कोणत्याच रागात तो बसत नाही. एक टक्का तार षड्ज कानाला कळत नाही, पण त्याच्या दहाव्या हिश्शाइतका तो परका निषाद खटकू शकतो. विकृती किती आहे याच्याइतकंच ती कोणत्या स्वराची आहे याला महत्त्व आहे.

पण गोष्ट इथे संपत नाही. एकापेक्षा अधिक स्वर एकदम आले, की अँप त्यांच्या बेरजा-वजाबाक्याही करून ठेवतो. षड्ज २०० कंपनांचा आणि पंचम ३०० चा असेल तर वजाबाकी १००, म्हणजे खालचा षड्ज. बेरीज ५००, म्हणजे त्या षड्जाचा गंधार. सगळे सुरातले. आता हार्मोनियमवरचे षड्ज आणि गंधार घ्या: २०० आणि २५२. शुद्ध गंधार २५० चा, पण बाजाची पेटी तो चढा देते. वजाबाकी ५२, जिथे सुरातला षड्ज ५० चा हवा. हा कणसूर आहे. तंबोऱ्यावरचा एकटा गळा अशा अँपवर मोहरून उठतो आणि पन्नास वाद्यांचा वृंद त्याच अँपवर गढूळ होतो, त्याचं कारण हे. तरुण मित्र मला सांगतात, व्हॉल्व्हवर ख्याल काय सुंदर वाटतो! ते खरं बोलतात. त्यांनी त्यावर मोठा वाद्यवृंदही ऐकावा, म्हणजे निर्णय पुरा होईल.

आणखी एक कारण आहे, त्याची चर्चा फार कमी होते. ज्याला आपण आठ ओहमचा स्पीकर म्हणतो तो आठ ओहमला बांधलेला नसतो. स्वरागणिक तो सहापासून तीसपर्यंत फिरतो. अँपचा स्वतःचा आतला रोध दोन ओहम असेल, जसा फीडबॅक नसलेल्या व्हॉल्व्ह अँपचा असू शकतो, तर काही स्वर इतरांपेक्षा सुमारे दोन डेसिबल वर येतात. म्हणजे तो अँप स्पीकरच्या स्वभावानुसार आवाजाचा तोल बदलतो. चांगल्या ट्रान्झिस्टर अँपचा आतला रोध ओहमच्या शतांशांत असतो, त्यामुळे हा बदल होत नाही. अमेरिकेतल्या बॉब कार्व्हर यांनी १९८५ साली हे सगळं कृतीने दाखवलं. 'स्टिरिओफाइल' मासिकाच्या संपादकांनी निवडलेल्या एका महागड्या व्हॉल्व्ह अँपशी त्यांनी आपला ट्रान्झिस्टरचा अँप जुळवत आणला. दोघांचे आवाज एकमेकांतून वजा केले की सत्तर डेसिबल खाली काय उरेल तेवढंच उरावं, इथवर. मग त्याच संपादकांना दोघांत फरक सांगता आला नाही. ऊब काचेच्या आत कोंडलेली नसते, ती समजून घेऊन दुसरीकडेही आणता येते, हे त्यातून सिद्ध झालं.

मग जवारी कुठे काढायची? माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा हा प्रश्न आहे.

गिटार वाजवणाऱ्याचा अँप हा त्याच्या वाद्याचा भाग आहे, आपल्या तंबोऱ्याच्या भोपळ्याइतका. लंडनच्या जिम मार्शल यांचे व्हॉल्व्ह अँप त्यांच्या शक्तीपलीकडे रेटले की जो आवाज निघतो, तोच वादकाला हवा असतो. व्हॉल्व्ह शक्तीबाहेर गेला की स्वराची टोकं हळूहळू गोल होतात. भरपूर फीडबॅकचा ट्रान्झिस्टर अँप अखेरपर्यंत सरळ चालतो आणि मग टोक करवतीने कापल्यासारखं कापतो. रसेल हॅम यांनी १९७३ च्या आपल्या लेखात ध्वनिमुद्रणाच्या यंत्रांबद्दल नेमकं हेच मांडलं होतं, की खरा फरक यंत्र शक्तीबाहेर जातं तेव्हाचा आहे. वाद्यात व्हॉल्व्ह हवा असेल तर तो हवाच. तिथे माझा वाद नाही.

घरच्या अँपची गोष्ट निराळी. १९५० च्या सुमाराची तबकडी तुम्ही लावता, तेव्हा तो आवाज आधीच व्हॉल्व्हमधून आलेला असतो. त्या काळी जगभर गाजलेल्या नॉयमनच्या यू ४७ मायक्रोफोनच्या पोटातसुद्धा एक व्हॉल्व्ह होता. पुढची ध्वनिमुद्रणाची यंत्रंही व्हॉल्व्हचीच. गवयाने तंबोरे जुळवून, जवारी काढून घेऊन, मगच तोंड उघडलं होतं. एवढं सगळं तबकडीच्या त्या रेषेत कोरलेलं आहे. घरी आपण त्यावर स्वतःची आणखी एक जवारी चढवतो, तेव्हा दर गाण्याला तीच चढते. मल्लिकार्जुनांच्या गळ्याला तीच, बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या सनईला तीच. म्हणून माझं मत असं: घरचा पहिला अँप सच्चा असावा, व्हॉल्व्हचा असो वा ट्रान्झिस्टरचा. सच्चा आवाज काय ते कानाला कळलं, की मग ज्याला हवा त्याने तार षड्जाची साथ देणारा अँप जरूर घ्यावा, आणि आपण काय घेतलं आहे हे जाणून आनंदाने ऐकावा. जवारी काढणाऱ्याला धागा कुठे आहे ते माहीत असतं. ऐकणाऱ्यालाही माहीत असावं, एवढीच माझी अपेक्षा आहे.

घेणाऱ्यांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. तबल्याची थाप सरासरी आवाजापेक्षा सहज दहा डेसिबल वर जाते, म्हणजे दहापट शक्ती मागते; आठ वॅटचा अँप घ्यायचा तर स्पीकर कमी शक्तीत मोठा वाजणारा हवा. आपल्याकडे रात्री लाइनचा दाब २५० पर्यंत चढतो. ट्रान्सफॉर्मर २२० चा असेल तर व्हॉल्व्हच्या हीटरला ६.३ ऐवजी सातच्या वर व्होल्ट मिळतात आणि त्याचं आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणून स्टॅबिलायझर लावा. व्हॉल्व्हचा अँप स्पीकर न जोडता कधी चालवू नका, ट्रान्सफॉर्मर जळेल. ट्रान्झिस्टरच्या अँपला स्पीकरच्या दोन तारा एकमेकींना कधी टेकू देऊ नका. आणि व्हॉल्व्ह झिजतात, हे लक्षात ठेवा. आज ते रशियातल्या सारातोव्हमध्ये, स्लोव्हाकियात आणि चीनमध्ये अशा मोजक्याच कारखान्यांत तयार होतात. २०२२ साली युद्धामुळे रशियाची निर्यात काही काळ अडली, तेव्हा सगळ्या जगाची धावपळ झाली होती.

शेवटी या गावाच्या वारशाबद्दल बोलतो. शेजारच्या सांगलीत कृष्णाजी बल्लाळ देवलांनी श्रुतींची मोजदाद केली आणि १९१० साली ती पुस्तकरूपाने मांडली. त्या मोजणीला गळा होता अब्दुल करीम खाँसाहेबांचा, जे मिरजेत राहिले आणि इथल्या दर्ग्याच्या आवारात विसावले. एकाच्या हाती मोजपट्टी, एकाच्या गळ्यात सूर, आणि दोघं एकमेकांवाचून अडलेले. सरांची माडी मला त्याच परंपरेतली वाटते. मोजणारा आणि ऐकणारा यांचं भांडण आपल्याकडे नव्हतंच. ते बाहेरून आलं आहे, आणि आपण ते चालवायचं कारण नाही.

बोलणं पुरे करतो, कारण आता ऐकायचं आहे. माझ्यामागे ही चादर बांधलेली तुम्हाला दिसतेच आहे; सरांच्या घरच्यांनी ती आठवणीने आणून दिली. पलीकडे दोन अँप आहेत. व्हॉल्व्हचा तासाभरापूर्वीच चालू करून ठेवला आहे. दोघांचा आवाज हजार कंपनांच्या स्वरावर मीटरने जुळवला आहे, डेसिबलच्या दहाव्या हिश्शापर्यंत. दारात मिळालेल्या चिठ्ठीवर एक ते दहा आकडे आहेत. दर वेळी गाणं थांबलं की 'व्ह' किंवा 'ट्र' एवढंच लिहा, शेजाऱ्याच्या चिठ्ठीकडे पाहू नका आणि नाव घालू नका. सुरुवात हलक्या आवाजातल्या आलापापासून करू. कार्यकर्त्यांना विनंती आहे, पंखे बंद करा.